घड्याळाची नाडीपरीक्षा

अहोरात्राच्या साठ घटका, एका घटकेचीं साठ पळें आणि एका पळाचीं साठ विपळें, हें कोष्टक एके काळीं मराठी शाळेंतील लहान मुलांनाहि पाठ असे. विपळ म्हणजे आजच्या हिशेबानें सेकंदाचे पांच भाग करून त्यांतले दोन. एवढा सूक्ष्म काळ मोजण्याचें साधन मात्र त्या कोष्टकाबरोबर मुलांच्या हातीं कोणी दिलें नव्हतें. लग्नघरीं गंगाळांतील पाण्यावर सोडलेलें तांब्याचें घटिकापात्र बुडलें कीं एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटें, सरलीं एवढेंच समजे. पळापर्यंत कांहीं विद्वान् जोशी पोहोंचत असतील. विपळ मात्र कागदावरच राहिलें.

गंमत अशी कीं, चावीचें साधें मनगटी घड्याळ नेमकें ह्या विपळाच्या मापानें चालतें. जुन्या पद्धतीचें घड्याळ तासाला १८,००० ठोके देतें, म्हणजे सेकंदाला पांच. त्याच्या पोटांतील तोलचक्र, ज्याला घड्याळजी 'बॅलन्स' म्हणतात, एकदां जाऊन परत आलें म्हणजे दोन ठोके होतात आणि बरोबर एक विपळ उलटतें. दिवसभराचे ठोके भरतात ४,३२,०००. पंचांग चाळणाऱ्यांस हा आंकडा ओळखीचा वाटेल, कारण कलियुगाचीं वर्षें तितकींच सांगितलीं आहेत. ह्यांत योगायोगापलीकडे कांहीं शोधूं नये. शोधावयाचें आहे तें निराळेंच: चार लक्ष बत्तीस हजार ठोक्यांपैकीं प्रत्येक ठोका वेळेवर पडतो कीं नाहीं हें कसें कळावें, आणि तें कळल्यानें कोणाचें काय साधतें?

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं एकमेकांस लागून आहेत. मुंबईस पाणी पुरविणारीं तानसा आणि भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांत आहेत. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता मुरबाडवरून जातो. शहापूरच्या माणसाला आसनगांव स्थानकावर लोकल गांठावी लागते, मुरबाडच्या माणसाला कल्याणची एस्. टी. मुंबईंत रेल्वे यावी म्हणून ज्यांनीं खटपट केली त्या नाना शंकरशेटांचें मूळ गांव मुरबाड, पण त्यांच्या गांवापर्यंत ती रेल्वे अद्याप पोहोंचलेली नाहीं. भ्रमणध्वनी घरोघरीं येण्यापूर्वीं ह्या पट्ट्यांतून कल्याण-ठाण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगाराच्या दृष्टीनें मनगटावरचें घड्याळ हा दागिना नव्हता. तें चार मिनिटें मागें राहिलें तर गाडी डोळ्यांदेखत निघून जाई आणि पुढली गाडी मिळून कामावर पोहोंचेपर्यंत हजेरी बंद झालेली असे. गांवच्या शाळेची घंटाहि गुरुजींच्या घड्याळावरच पडे. लग्नांत जावयाला घड्याळ देण्याची रीत पडली होती ती कांहीं उगीच नव्हे.

सूर्यावरून घड्याळ तपासावें म्हटलें तर तेंहि साधत नाहीं. भारतीय प्रमाणवेळ ही ८२॥ अंश पूर्व रेखांशाची. शहापूर-मुरबाड ७३ अंशांच्या थोडें पुढें. त्यामुळें ह्या गांवीं सूर्य माथ्यावर येतो तेव्हां घड्याळांत सरासरीनें १२ वाजून ३६-३७ मिनिटें झालेलीं असतात, आणि ही सरासरीसुद्धां वर्षांत पाव तासापर्यंत पुढें-मागें सरकते. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईच्या महापालिकेनें आपली ३९ मिनिटें मागची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाहीं. वेळ कोणाची खरी, हा वाद त्या शहरानें जवळजवळ अर्धें शतक चालविला. असो.

घड्याळ लावणें आणि घड्याळ तपासणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधीं वाजणाऱ्या ठोक्यांवर रोज सकाळीं घड्याळ लावून घेण्याचा प्रघात पुष्कळ घरांत होता. प्रघात चांगला, पण त्यामुळें घड्याळाचा दोष रोजच्या रोज पुसला जाई आणि मालकाची समजूत अशी होई कीं, आपलें घड्याळ अगदीं बिनचूक आहे. खरी परीक्षा करावयाची तर घड्याळ एकदांच लावावें, मग दहा दिवस कांट्यांस हात लावूं नये आणि रोज ठराविक वेळीं फरक वहींत टिपावा. पहिल्या दिवशीं घड्याळ ८ सेकंद पुढें होतें आणि त्यानंतर दहाव्या दिवशीं २ मिनिटें ४८ सेकंद पुढें गेलें, तर एकूण वाढ १६० सेकंदांची. म्हणजे दैनिक फरक १६ सेकंद. येथें आणखी एक गोष्ट पाहावयाची असते. तो फरक रोज सारखाच पडतो काय? रोज नेमानें १६ सेकंद पुढें जाणारें घड्याळ विश्वासू. आज २० सेकंद पुढें आणि उद्यां २० सेकंद मागें असें डोलणारें घड्याळ दहा दिवसांच्या शेवटीं बरोबर वेळ दाखवील, पण त्याच्यावर विसंबून कोणी प्रवासाला निघूं नये. हल्लीं आकाशवाणी भ्रमणध्वनीवरील ॲपमधून ऐकली जाते. तो आवाज मूळ प्रक्षेपणापेक्षां कित्येक सेकंद उशिरां येतो, तेव्हां अशा परीक्षेसाठीं त्याचा उपयोग करूं नये.

वहीची ही पद्धत खरी असली तरी संथ आहे, आणि ती फक्त रोग आहे एवढें सांगते. रोग कोणता तें सांगत नाहीं. जुन्या घड्याळजीची अडचण हीच होती. दुकानांत एक लंबकाचें खात्रीचें घड्याळ भिंतीवर असे. दुरुस्त केलेलें घड्याळ त्याच्याशीं जुळवून खुंटीला टांगावयाचें, दुसऱ्या दिवशीं फरक पाहावयाचा, रेग्युलेटरची दांडी केसभर सरकवावयाची आणि पुन्हा एक दिवस थांबावयाचें. एका घड्याळाला आठ-आठ दिवस लागत. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत 'वॉचमास्टर' नांवाचें यंत्र निघालें. पुढें स्वित्झर्लंडच्या 'व्हायब्रोग्राफ' ह्या यंत्राचा पुष्कळ प्रसार झाला. ह्या यंत्रांनीं आठ दिवसांचें काम अर्ध्या मिनिटावर आणलें.

त्यांची युक्ति ऐकण्यासारखी आहे. घड्याळ एका बैठकीवर चिमट्यांत धरतात आणि त्या बैठकींतील मायक्रोफोन त्याचे ठोके टिपतो. यंत्रांत कागदाची पट्टी ठरलेल्या गतीनें सरकत असते आणि प्रत्येक ठोक्यास तिच्यावर एक ठिपका उमटतो. घड्याळ यंत्राच्या प्रमाणाशीं तंतोतंत जुळलें तर ठिपक्यांची ओळ सरळ आडवी जाते. पुढें पळत असेल तर ओळ चढत जाते, मागें पडत असेल तर उतरते. चढ जितका तीव्र तितका दैनिक फरक मोठा. आजच्या यंत्रांत कागदाऐवजीं लहानसा पडदा असतो आणि ठिपक्यांच्या ओळीबरोबर आंकडेहि झळकतात, एवढाच भेद. हीं नवीं यंत्रें बहुतांशी चीनमध्यें तयार होतात आणि तालुक्याच्या गांवींहि एखादा घड्याळजी तीं बाळगूं शकेल इतकीं स्वस्त झालीं आहेत. यंत्राचें प्रमाण म्हणजे त्याच्या पोटांतील क्वार्ट्झचा स्फटिक. १९६९ सालीं जपानच्या सेको कंपनीनें क्वार्ट्झचें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें आणि पुढें वीस वर्षांत चावीच्या घड्याळाचा बाजार उठला. ज्यानें बाजार उठविला त्याच्याच भावाकडे आतां न्यायाधीशाचें काम आहे!

हा न्याय किती बारीक असतो त्याचा हिशेब करून पाहावा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. दिवसाला एक सेकंद चुकणारें घड्याळ एका ठोक्यामागें किती चुकतें? सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांपैकीं सव्वादोनांहून थोडे अधिक. एकट्या ठोक्यावरून हें कळणें शक्य नाहीं. म्हणून यंत्र कांहीं सेकंद, कधीं मिनिटभर, ठोके ऐकून त्यांची सरासरी काढतें. बैठकीवर घड्याळ ठेवल्याबरोबर जो पहिला आंकडा दिसतो तो वाचून "वा! शून्य फरक!" म्हणणें हें रोग्याच्या मनगटाला बोट लागतांच निदान सांगणाऱ्या वैद्यासारखें आहे.

कानाला जो एक ठोका वाटतो तो वस्तुतः एक नसतो. बॅलन्सवर माणकाची एक बारीक खुंटी असते. बॅलन्स मध्यावर येतांच ती खुंटी पॅलेटच्या बेचक्यावर आपटते, हा पहिला आवाज. त्या आघातानें पॅलेट हलतें, अडकलेलें दांतेरी चाक सुटतें आणि त्याचा दांता पॅलेटला पुढें ढकलतो, हा दुसरा. ढकलून झाल्यावर पलीकडला दांता अडतो आणि पॅलेट आपल्या कडेला जाऊन टेकतें, हा तिसरा. हे तिन्ही आवाज मिळून सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या काळांत आटोपतात. यंत्र पहिल्या आवाजावरून दैनिक फरक काढतें आणि पहिला व तिसरा ह्यांमधील काळावरून तें आणखी एक गोष्ट काढतें. ती गोष्ट दैनिक फरकापेक्षांहि मोलाची आहे.

ती म्हणजे बॅलन्सचा झोका. झोपाळा जसा मध्यापासून दोहों बाजूंस जातो तसाच बॅलन्सहि जातो. फरक इतकाच कीं, तो स्वतःभोंवतीं फिरतो. धडधाकट घड्याळाला पूर्ण चावी दिली आणि तबकडी वर करून ठेवलें, तर बॅलन्स मध्यापासून प्रत्येक बाजूस सुमारें पाऊण वळसा, म्हणजे २७० ते ३०० अंश, फिरतो. झोका मोठा असला कीं बॅलन्स मध्यावरून वेगानें जातो आणि पहिल्या व तिसऱ्या आवाजांतील अंतर घटतें. झोका मंदावला कीं तें वाढतें. १८,००० ठोक्यांच्या घड्याळांत झोका २७० अंशांचा असतांना हें अंतर सेकंदाचे हजार भाग केल्यास सुमारें बारा भाग भरतें. ह्या हिशेबासाठीं पॅलेटशीं गांठ पडून सुटेपर्यंत बॅलन्स किती अंश फिरतो हें यंत्राला आधीं सांगावें लागतें; न सांगितल्यास यंत्र स्वतःच ५२ अंश धरून चालतें. एखाद्या घड्याळांत तो कोन खरोखर ४४ अंशांचा असला, तर पडद्यावर २७० अंशांचा झोका दिसत असतांना प्रत्यक्षांत तो २२८ अंशांचाच असतो. यंत्र खोटें बोलत नाहीं, पण त्याला चुकीचा प्रश्न घातला तर उत्तरहि तसेंच येतें.

आतां मुरबाडच्या बाजारांत घडूं शकेल असा एक प्रकार कल्पनेनें पाहावा. समजा, वडिलांच्या हातांतलें एच्. एम्. टी. चें 'जनता' घड्याळ कोणी दुरुस्तीस आणलें आहे. तें रोज तीन-चार मिनिटें मागें पडतें. घड्याळजीनें मागचें झांकण उघडलें, रेग्युलेटर पुढें सरकविला, यंत्रावर धरलें. पडद्यावर दैनिक फरक वजा ४ सेकंद. मालक आनंदानें पैसे देऊन घरीं जातो. पण त्याच पडद्यावर शेजारच्या घरांत दुसरा आंकडा होता, तो कोणी वाचला नाहीं: झोका १७८ अंश. म्हणजे आंतलें तेल केव्हांच वाळून त्याची राळ झालेली, चाकांच्या टोंकांशीं मळ सांचलेला, आणि बॅलन्स कसाबसा हलतो आहे. मंद झोक्यानें घड्याळ मागें पडत होतें. त्याला रेग्युलेटरचा चाबूक दाखवून पुढें हांकलें, इतकेंच काय तें झालें. तबकडी वर असतांना हें साधलें. मनगटावर घड्याळ उभें राहिलें कीं झोका १४० अंशांवर येईल आणि घड्याळ पुन्हा दिवसाला दीड मिनिट मागें पडेल. त्याहून वाईट म्हणजे कोरड्या टोंकांवर चाकें घासत राहतील आणि जें काम धुऊन तेल घालून भागलें असतें त्याच्याकरितां वर्ष-दोन वर्षांनीं भागच बदलावा लागेल. तो भाग मिळाला तर! हेंच घड्याळ प्रथम खोलून, धुऊन, ठिकठिकाणीं बेताचें तेल घालून जोडलें असतें, तर झोका २७० अंशांच्या आसपास आला असता आणि पुढें सरकविलेल्या रेग्युलेटरमुळें घड्याळ उलट मिनिट-दोन मिनिटें पुढें पळालें असतें. तेव्हां रेग्युलेटर मागें आणणें हें काम शेवटचें, पहिलें नव्हे.

ह्याचा सगळा दोष घड्याळजीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. घड्याळ पुरतें खोलून धुण्यास अर्धा दिवस जातो, आणि तेवढी मजुरी देण्यास गिऱ्हाईक तयार नसतें. "अहो, नुसतें पुढें-मागें करून द्या, खोलूं नका," असें तेंच सांगतें. पूर्वीं ह्या भांडणांत साक्षीदार कोणी नव्हता: घड्याळजी म्हणे तेल सुकलें आहे, गिऱ्हाइकाला वाटे हा पैसे काढतो आहे. यंत्राच्या पडद्यानें ही अडचण पुष्कळ दूर केली आहे. घड्याळ देतांना एकदां आणि घेतांना एकदां पडदा पाहावा. दोन्ही वेळचा झोका कागदावर लिहून घ्यावा. प्रामाणिक कारागिराला ह्यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. त्याच्या मेहनतीचा पुरावा त्याला आयताच मिळतो.

एकाच स्थितींत घड्याळ पाहून मात्र निर्णय देतां येत नाहीं. तबकडी वर, तबकडी खालीं, चावी खालीं, चावी वर, चावी डावीकडे आणि उजवीकडे अशा सहा स्थिति आहेत. आडव्या दोन स्थितींत बॅलन्स आपल्या दांड्याच्या टोंकावर उभा असतो, म्हणून घर्षण थोडें. उभ्या चार स्थितींत तो दांड्याच्या बाजूवर लोळतो, म्हणून झोका वीस-चाळीस अंशांनीं घटतो. एवढें स्वाभाविक समजावें. तबकडी वर आणि तबकडी खालीं ह्यांत मोठा भेद दिसला, तर दांड्याचें एक टोंक झिजलें आहे किंवा त्याखालचा खडा खराब आहे असा संशय घ्यावा. उभ्या स्थितींत एका बाजूस घड्याळ फार पुढें आणि विरुद्ध बाजूस तितकेंच मागें जात असेल, तर बॅलन्स एका अंगाला जड आहे. ह्या जडपणाची तऱ्हा चमत्कारिक आहे. झोका २२० अंशांच्या वर असतांना तो जें करतो त्याच्या नेमकें उलट तो २२० अंशांच्या खालीं करतो. त्यामुळें सकाळीं चावी दिल्यावर पुढें पळणारें घड्याळ रात्रीं मागें पडूं लागतें, आणि मालक हवेला दोष देत बसतो. स्वित्झर्लंडमध्यें १९७३ सालीं स्थापन झालेली क्रोनोमीटर-परीक्षणाची संस्था एकेक यंत्र पंधरा दिवस, पांच स्थितींत आणि तीन तपमानांत पारखते, आणि सरासरी दैनिक फरक उणें ४ व अधिक ६ सेकंदांच्या आंत असला तरच प्रमाणपत्र देते. गांवच्या घड्याळाला ही कसोटी लावूं नये; त्यानें सर्व स्थितींत मिळून अर्ध्या मिनिटाच्या आंत राहावें, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पडद्यावर तिसरा एक आंकडा असतो, त्याला 'बीट एरर' म्हणतात. बॅलन्स डावीकडे जाऊन येण्यास आणि उजवीकडे जाऊन येण्यास सारखाच काळ लागला पाहिजे. म्हणजे 'टिक्' आणि 'टॉक्' ह्यांतील अंतरें सारखीं पडलीं पाहिजेत. तीं सारखीं नसलीं कीं पडद्यावर एका ओळीच्या दोन ओळी होतात. फरक सेकंदाच्या हजार भागांपैकीं अर्ध्या भागाच्या आंत असला तर उत्तम. दोन-तीन भागांवर गेला तर थांबलेलें घड्याळ चावी दिल्यावर आपोआप चालूं होत नाहीं, झटका द्यावा लागतो. नव्या घड्याळांत हें सुधारण्यासाठीं एक लहानशी दांडी असते. जुन्यांत ती नसते; तेथें केसासारख्या हेअरस्प्रिंगचें कडें बॅलन्सच्या दांड्यावर अंदाजानें फिरवावें लागतें. हात जरा घसरला तर हेअरस्प्रिंग वांकडी झाली म्हणून समजावें. त्यामुळें घड्याळ बिनतक्रार सुरू होत असेल, झोका चांगला असेल आणि हा आंकडा एक-दीडाच्या आसपास असेल, तर त्याच्या वाटेस न जाणारा घड्याळजीच शहाणा.

घड्याळ एकाएकीं दिवसाला कित्येक मिनिटें पुढें जाऊं लागलें तर खोलण्याची घाई करूं नये. बहुधा त्याला चुंबकाची बाधा झालेली असते. रेडिओचा कर्णा, भ्रमणध्वनीच्या पाकिटाचें चुंबकी झांकण, शिवणयंत्राची मोटार ह्यांच्याजवळ घड्याळ ठेवलें कीं हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांस चिकटतात. कमान आंखूड झाल्यासारखी होते आणि बॅलन्स घाईघाईनें हलतो. चुंबकत्व घालविण्याची लहानशी पेटी असते, तिच्यावर क्षणभर धरलें कीं काम होतें. जुन्या साध्या पोलादी हेअरस्प्रिंगला उष्णताहि बाधते. तपमान एका अंशानें वाढलें तर घड्याळ दिवसाला सुमारें दहा सेकंद मागें पडतें. निकेल आणि पोलाद ह्यांच्या मिश्रणांवर संशोधन करून हा दोष ज्यांनीं आटोक्यांत आणला त्या शार्ल एद्वार गियोम ह्यांना १९२० सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. शहापूर-मुरबाडकडे मात्र घड्याळाचा खरा वैरी ऊन नव्हे, पाऊस. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलांत उभें राहून रोपें लावणाऱ्या हातांत घड्याळ राहिलें, कीं पाणी चावीच्या दांडीवाटे आंत शिरतें आणि चार दिवसांत दांडी गंजते. वीटभट्टीवरची धूळहि त्याच वाटेनें जाते. अशा घड्याळाची ओळ यंत्रावर सरळ येतच नाहीं. ठिपके चाळणींतून सांडल्यासारखे विखुरलेले दिसतात. त्या वेळीं आंकडे वाचण्यांत अर्थ नाहीं. घड्याळ धुण्यास घ्यावें.

भ्रमणध्वनीवर घड्याळ ऐकणारीं ॲपेंहि निघालीं आहेत. निवांत खोलींत फोनच्या मायक्रोफोनजवळ घड्याळ धरलें तर दैनिक फरकाचा बऱ्यापैकीं अंदाज येतो. झोक्याच्या आंकड्यावर मात्र विसंबूं नये, कारण तिसरा आवाज पहिल्याच्या मानानें ओळखण्यास कठीण असतो आणि पंख्याचा घरघराटहि त्यांत मिसळतो.

हें सगळें आज सांगण्याचें कारण आहे. हिंदुस्थान मशीन टूल्सनें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगलोरास घड्याळांचा कारखाना काढला, आणि 'जनता'सारखीं सतरा खड्यांचीं घड्याळें मध्यम स्थितींतल्या माणसाच्या आटोक्यांत आलीं. पुढें क्वार्ट्झच्या लाटेंत तो धंदा खालावत गेला आणि २०१६ सालीं सरकारनें घड्याळांची ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. ती बातमी ऐकतांच ज्यांनीं वीस वर्षें कपाटांतलें घड्याळ हातीं धरलें नव्हतें त्यांनाहि त्याची आठवण झाली. जुन्या घड्याळांचा बाजार वधारला. कोठल्या तरी तबकडीला नवा रंग फांसून, दहा घड्याळांचे भाग एकत्र करून, 'नव्यासारखें' म्हणून विकणारेहि पुढें आले. असें घड्याळ दिसण्यांत सुंदर असतें. विकत घेणाऱ्यानें रंग पाहण्याऐवजीं सहा स्थितींचे आंकडे मागावे. विकणारा एकाच स्थितीचें, तबकडी वर असतांनाचें छायाचित्र पाठवीत असेल, तर बाकीच्या पांच स्थितींविषयीं त्याचें मौन पुरेसें बोलकें आहे.

नवे भाग आतां होत नाहींत. जो बॅलन्सचा दांडा मोडतो त्याच्या जागीं दुसऱ्या मेलेल्या घड्याळांतला काढून बसवावा लागतो, आणि तो दांडा झिजलेला आहे कीं शाबूत, हें डोळ्याला लावलेल्या भिंगांतून दर वेळीं दिसतेंच असें नाहीं. म्हणून जोडणी झाल्यावर घड्याळाला पूर्ण चावी द्यावी, थोडा वेळ चालूं द्यावें, सहाहि स्थितींत मिनिट-मिनिट यंत्रावर धरून आंकडे लिहावे. मग चावी न देतां तें रात्रभर ठेवावें आणि चोवीस तासांनीं पुन्हा तबकडी वर करून त्याच बैठकीवर ठेवावें. कमान बरीच उतरलेली असतांनाहि झोका दोनशें अंशांच्या वर राहिला, तर घड्याळ मालकाच्या हातीं द्यावें. त्याखालीं गेला, तर झांकण पुन्हा उघडावें.